पिंपातली तगडी बिअर चाखायची कशी? काकवी चाटायला येते ना, मग जमेल

पहिली बाटली आम्ही नासवली, हे आधीच कबूल करतो. गेल्या दिवाळीत मावसभाऊ अमेरिकेतून आला तेव्हा बॅगेत जीन्समध्ये गुंडाळून एक काळीकुट्ट बाटली घेऊन आला, बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात वर्षभर मुरवलेली इम्पिरियल स्टाऊट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी तगडी बिअर, १२ टक्के अल्कोहोलची, आणि आम्ही काय केलं तर ती तासभर फ्रीजरमध्ये टाकली, स्टीलच्या पेल्यांत ओतली, समोर सुकं मटण आणि तांबडा रस्सा मांडला आणि चिअर्स करून घटाघट. एकजण म्हणाला खोकल्याचं औषध हाय. दुसरा म्हणाला बुलेटचं ऑइल बदलताना असंच निघतंय बघ. मावसभाऊ काही बोलला नाही पण त्याचं तोंड बघून कळलं की आपलं कायतरी चुकलंय.

जेवणं झाली, तासाभरानं भांडी उचलायला गेलो तर माझ्या पेल्याच्या तळाला दोन घोट तसेच राहिलेले, गारपणा पार गेलेला, आणि बेसिनमध्ये ओतायच्या आधी सहज नाकाशी नेली तर थेट मामाच्या गुऱ्हाळात उभा राहिलो की ओ. काकवी, भाजलेलं खोबरं, मागनं लाकडाचा धूर. तीच बिअर, तोच पेला, फक्त थंडी उतरली होती आणि तिखट संपलं होतं. त्यानंतर अशा पाच-सहा बाटल्या या ना त्या मार्गानं हातात आल्या, दरवेळी काहीतरी चुकलं, काहीतरी जमलं, ते सगळं इथं लिहून टाकतो म्हणजे तुमची पहिली बाटली तरी वाया जायला नको.

आधी ही भानगड काय आहे ते. अमेरिकेत बर्बनचा कायदा असा आहे की ती व्हिस्की नव्या, आतून जाळून घेतलेल्या ओकच्या पिंपातच ठेवायची, म्हणजे एकदा व्हिस्की काढून घेतली की ते पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. साधारण २०० लिटरची ही रिकामी पिंपं मग स्कॉटलंडला जातात, रमवाल्यांकडं जातात, आणि १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीनं त्यात स्टाऊट भरून बघितली आणि तिचं नाव झालं, तेव्हापासून बिअरवाल्यांकडंही जायला लागली. रिकामं म्हटलं तरी लाकडात बरीच व्हिस्की शोषलेली असते, ती हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि टक्काही थोडा वाढवते. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. उन्हाळ्यात द्रव फुगून लाकडात शिरतो, थंडीत परत येतो, आणि येताना जळक्या थरातला माल सोबत घेऊन येतो. ओकमध्ये लॅक्टोन म्हणून द्रव्यं असतात त्यांचा वास खोबऱ्यासारखा, लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं त्याचा व्हॅनिलासारखा, आणि युजेनॉल तर लवंगेत असतं तेच, त्यामुळं कुणी म्हणालं की यात लवंग लागतेय तर तो उगाच शायनिंग मारत नसतो.

पिंपात स्टाऊटच भरतात असं नाही, बार्लीवाईन नावाची तांबूस, जाड, गोड बिअर पण भरतात. पण पहिल्यांदा स्टाऊटच घ्या, कारण तिच्यात काळं भाजलेलं बार्ली असतं, त्या कडवटपणामुळं गोडी अंगावर येत नाही.

आता हिशोब, आणि हा भाग वगळू नका. बाटलीवर बिअर लिहिलंय म्हणून आपला हात बिअरसारखाच चालतो, घोळ तिथंच होतो. ३५५ मिलीच्या बाटलीत १२ टक्के म्हणजे साडेबेचाळीस मिलीच्या आसपास निव्वळ अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, ३० मिलीच्या स्मॉल पेगात पावणेतेरा मिली. म्हणजे ही एवढीशी बाटली तीन स्मॉल पेगांच्या वर जाते, आणि ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीपेक्षाही जास्त भरते. एकट्यानं एक बाटली म्हणजे चाखणं नव्हे. चौघांत एक, प्रत्येकाला ८५-९० मिली, बास. ज्याला कमी वाटतंय त्यानं आपलं नेहमीचं घ्यावं, त्यात काय कमीपणा नाही.

मिळणार कुठं हा प्रश्न येणारच. भारतात एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमात बिअरची मर्यादा ८ टक्क्यांची आहे, त्यामुळं आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत वाइन शॉपच्या काउंटरवर जाऊन १२ टक्क्यांची बॅरल-एज्ड आहे का म्हणून विचारू नका, तो माणूस तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघेल. (मी विचारून आलोय.) पुण्यात २००९ ला डूलाली, म्हणजे जागेवरच आपली बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली, तिथून पुढं अशी क्राफ्ट बिअर आपल्या लोकांना कळायला लागली, आता पुण्या-मुंबईत कुठं पिंपात मुरवलेली म्हणून काही मिळालं तर ते या ८ च्या आतलंच असणार, चाखायची पद्धत मात्र हीच. खरी तगडी बाटली परदेशातून येणाऱ्याकडूनच. एका प्रवाशाला ड्यूटी न भरता २ लिटर दारू आणता येते, त्यात ३५५ च्या पाच बसतात, पण त्याला त्याची स्वतःची स्कॉच पण आणायची असते तेव्हा एक-दोनच मागा. वयाचं म्हणाल तर महाराष्ट्रात बिअरला २१ आणि बाकी कडक दारूला २५, आणि माझं मत विचाराल तर ही बिअर २५ च्याच रांगेत बसवावी.

बाटली हातात आली की उभी ठेवा, आडवी नको. तळाला यीस्टचा गाळ असू शकतो, आडवी ठेवली की तो सगळीकडं पसरतो. उजेड नको, कारण उजेडानं हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) द्रव्यं बिघडतात आणि घाण वास येतो, तपकिरी काच त्यासाठीच असते. आणि माळ्यावर अजिबात नको, कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर पापड वाळतील एवढी उष्णता असते.

गारपणा. अख्ख्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. आपल्याकडं बिअर म्हणजे चिल्ड, बाटलीवर घाम फुटलेला पाहिजे, आणि साध्या लागरला (आपली नेहमीची फिकी बिअर) ते बरोबर पण आहे, उन्हातनं आल्यावर तहान भागवायची असते. इथं तसं नाही. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेला पांढरा रस्सा सकाळी उघडून बघा, वास येतो का? काही नाही. तोच गॅसवर ठेवला की शेजारी विचारतात आज काय बेत. वासाची द्रव्यं उडायला थोडी ऊब लागते, आणि थंडीनं जिभेला गोडी पण कमी कळते, मग उरतो तो नुसता जळका कडवटपणा आणि अल्कोहोलचा चटका, म्हणजेच आमचं खोकल्याचं औषध. फ्रीजमध्ये साधारण ४ डिग्री असतं, आपल्याला १२ ते १५ पाहिजे. परदेशी लोक लिहितात की रूम टेंपरेचरला आणा, त्यांची रूम आणि आपली रूम यात फरक आहे, आपल्याकडं मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे चहाच व्हायचा. मी असं करतो, खालच्या कप्प्यातनं बाटली बाहेर काढायची, उन्हाळ्यात वीस मिनिटं, डिसेंबर-जानेवारीत पाऊण तास तशीच ठेवायची. थर्मामीटर नसला तर बाटली गालाला लावून बघा, गार लागली पाहिजे पण दचकायला नको, माठातल्या पाण्यापेक्षा थोडी जास्त गार एवढंच. बर्फ टाकायचा विषयच नाही. आणि पहिल्या घोटाला थोडी जास्त गार असली तरी काळजी नको, ती ग्लासात हळूहळू ऊब धरत जाते आणि दर दहा मिनिटांनी वेगळी लागते, ती गंमत तर पुढं आहेच.

ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी आवळता असावा, वाइनचा किंवा ब्रँडीचा चालतो, वास आत कोंडून राहतो म्हणून. घरी नसेल तर काचेची वाटी किंवा साधा काचेचा पेला पण चालेल, फक्त स्टील नको आणि थर्माकोल तर नकोच नको. ग्लास आधी नुसत्या गरम पाण्यानं दोनदा खळबळून घ्या, कारण भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला की तुम्ही सगळे गंभीर चेहरे करून म्हणाल की यात सिट्रस लागतंय. आमच्यात झालंय. फडक्यानं पुसू नका, उलटा ठेवून निथळू द्या.

ओतताना ग्लास तिरका धरा, हळू, शेवटची बोटभर बाटलीतच राहू द्या गाळ असेल तर. तिसरा हिस्सा भरला की थांबा. फेस फार येणार नाही, आला तरी तपकिरी, कॉफीच्या साईसारखा आणि पटकन बसून जाईल, एवढं अल्कोहोल असलं की फेस टिकत नाही, बिअर शिळी आहे असं समजू नका. उलट ढाकण काढल्या काढल्या कारंजं उडालं तर मात्र शंका घ्या. ग्लास एकदा गोल फिरवा आणि बाजूला काचेवर काय राहतंय ते बघा, जाड तेलकट थर सावकाश खाली घसरतो, काकवीच्या बरणीला चमचा लावल्यावर होतं तसंच. बघण्याचं काम इथं संपलं, काळी आहे, काळीच दिसणार.

वास. थेट नाक खुपसून दम भरून ओढला की अल्कोहोल नाकात झोंबतं आणि पुढची पाच मिनिटं काहीच कळत नाही. ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, तोंड थोडं उघडं ठेवा, छोटे छोटे दोन-तीन वास घ्या, कुत्रं हुंगतं ना तसे, आणि मग हळूहळू वर न्या. नाक थकलं की आपल्याच शर्टाची बाही किंवा कोपर हुंगा, आपल्या अंगाचा वास नाकाला ओळखीचा असतो, ते परत ठिकाणावर येतं. बसायच्या आधी खोलीतली उदबत्ती विझवा, अत्तर-परफ्यूम मारून आलेल्या मित्राला खिडकीकडं बसवा, आणि स्वयंपाकघरात कांदा-खोबरं भाजायचं काम चालू असेल तर गच्चीवर जा. आमच्यात पाचगावला एका दोस्ताची गच्ची आहे, वारा असतो पण फार नाही, तिथं बरं पडतं.

आता वासाला नावं द्यायची पाळी येते आणि इथं लोक लाजतात. परदेशी चाखणारे लिहितात डार्क फ्रूट, टोफी, मोलॅसिस, लेदर, आणि आपण वाचून वाचून तेच म्हणायला लागतो, खरं तर आपण टोफी शेवटची कधी खाल्ली आठवत पण नाही. कोल्हापूरच्या माणसाला शब्द उसने आणायची गरजच काय? गुऱ्हाळात उभं राहिलेला माणूस या बिअरचा अर्धा अभ्यास करून आलेला असतो. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत, रस चढवला की आधी हिरवट, कच्च्या उसाचा वास, मग भेंडीचं पाणी टाकून मळी काढतात तेव्हा जरा स्वच्छ, मग रस आटत आटत काकवी होते तो गोड दाट वास, मग गूळ, आणि काहिलीच्या कडेला थोडं लागलं असेल तर ती खरपूस, किंचित कडू खरवड. बार्ली भाजताना आणि रस तासन्‌तास उकळताना साखरेचं आणि प्रथिनांचं जे तपकिरी होणं चालतं ते याच जातीचं आहे. म्हणून ग्लास हुंगताना स्वतःला विचारा की हा वास काहिलीच्या कुठल्या टप्प्याचा. आमचा एक मित्र गुळाच्या अडतीवर कामाला आहे, तो एका बार्लीवाईनला म्हणाला ही काकवी, आणि स्टाऊटला म्हणाला हा लागलेला रवा (गुळाची ढेप), मार्केटात भाव कमी मिळेल. एवढं नेमकं वर्णन मी कुठल्या रिव्ह्यूत वाचलेलं नाही.

बाकीचं पण आपलंच आहे. नव्या कोल्हापुरी चपलांचा पापाच्या तिकटीवर जो कच्च्या चामड्याचा वास असतो तो. लाकडाच्या वखारीत ताज्या फळीचा. तासगावचा बेदाणा, खारीक. जत्रेतलं भाजकं खोबरं. आणि दोन-चार वर्षं जुन्या स्टाऊटमध्ये कधीकधी चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, हसू नका, यीस्ट मरून फुटलं की ती खारट मांसल चव येते, थोडी असली तर छान, जास्त झाली तर बाटली उशिरा उघडली म्हणायची.

घोट. पहिला घोट अगदी छोटा, चमचाभर, आणि त्यावरून काही ठरवू नका, तो फक्त तोंडाला सांगायला की काय येणार आहे, कारण पहिल्या घोटाला सगळ्यांनाच नुसतं कडक लागतं. दुसरा घोट तोंडात सगळीकडं फिरवा. जिभेचा शेंडा गोड ओळखतो आणि मागचा भाग कडू ओळखतो असं शाळेत शिकवलेलं चित्र चुकीचं आहे, सगळ्या चवी सगळीकडं कळतात. फिरवून गिळा, आणि गिळल्या गिळल्या तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. हा श्वास महत्त्वाचा. घशामागून वास नाकात चढतो आणि जे हुंगताना सापडलं नव्हतं ते इथं सापडतं, व्हॅनिला आणि खोबरं मला तरी नेहमी इथंच भेटतं. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरवाले गिळतात ते बऱ्यापैकी याच्यासाठी. मग ग्लास खाली ठेवा. बोला, गप्पा मारा, रंकाळ्यावरच्या गर्दीवर चर्चा करा, दोन-तीन मिनिटं पुढचा घोट नाही.

मी एक पद्धत धरलीय, सहा रसांची. आपल्याकडं गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा धरतात, ते बोटावर मोजत जायचे. गोड असणारच, बघायचं एवढंच की ती गोडी गिळल्यावर सुटते की ओठाला चिकटून राहते. कडू, हे हॉप्सचं की जळक्या बार्लीचं? हॉप्सचं कारल्यासारखं थेट, बार्लीचं फिल्टर कॉफीच्या तळासारखं. तुरट मात्र नीट शोधा, कारण बरेचजण तुरटाला कडूच म्हणतात. पानातला कात जास्त झाला की गालाची आतली बाजू ओढल्यासारखी होते ना, किंवा टपरीवरचा चौथ्यांदा उकळलेला चहा, ते तुरट, आणि ते लाकडातल्या टॅनिनमुळं येतं. थोडं हवंच, त्यानं गोडी आवरली जाते, पण काडेपेटीची काडी चघळल्यासारखं वाटलं तर पिंपात जास्त दिवस राहिलीय. तिखट म्हणजे इथं मिरची नाही, अल्कोहोलची ऊब, ती छातीत उतरत गेली तर चांगली, घशातच टोचली तर कच्ची. खारट जवळजवळ नसावं. आणि आंबट लागलं तर थांबा.

आंबटाचं असं आहे की काही बिअर मुद्दाम आंबट करतात, बेल्जियमच्या लँबिक किंवा ओकच्या भल्यामोठ्या पिंपात मुरणारी फ्लँडर्सची लाल बिअर, त्या आंबटच असतात आणि छान असतात. पण बर्बनच्या पिंपातली स्टाऊट आंबट लागायला लागली तर लाकडात लपलेल्या जिवाणूंनी आत दही लावलंय असं समजा, हे खरंच लॅक्टोबॅसिलस असतात, दह्यातल्यांचे भाऊबंद. तब्येतीला धोका असा सहसा नसतो, चव गेली एवढंच. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झाली. नेलपॉलिशचा उग्र वास, वाईट. थिएटरमधल्या पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास, तो पण आंबवताना झालेला दोष. पण जुन्या बाटलीत मनुका, शेरी, अंजीर असं लागलं तर तेही हवेचंच काम आहे आणि ते मात्र लोक आवडीनं शोधतात, हवा कधी शत्रू कधी मित्र.

खायचं काय. तांबडा रस्सा नको, आणि हे लिहिताना माझा हात थरथरतोय. कारण शुद्ध शास्त्रीय आहे, तोंडात उष्णता आणि मिरची ओळखणारी एकच यंत्रणा असते, टीआरपीव्ही-१ म्हणतात, अल्कोहोल पण तिलाच डिवचतं, म्हणजे मिरचीवर १२ टक्के ओतलं की जाळ दुप्पट वाटतो आणि बाकी चव त्याच्याखाली मरते. मिसळ, कट, लवंगी घातलेला ठेचा, सगळं दुसऱ्या दिवशी. पांढरा रस्सा मात्र घरी कमी मिरीचा करून घेतला आणि छोट्या वाटीतनं सोबत घेतला, तर नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि पिंपातलं खोबरं यांचं असं काही जमलं की चौघंही गप्प झाले. वहिनींना विचारून करा, मी स्वतः केला तेव्हा दूध फाटलं होतं. त्याशिवाय खारे शेंगदाणे, खारे काजू, जुनं कडक चीज, डार्क चॉकलेटचा तुकडा. गोडाबरोबर जपून, पुरणपोळीनं बिअर फिकी आणि कडू लागते, गोड पदार्थ बिअरपेक्षा कमी गोडच पाहिजे. साताऱ्याचा कंदी पेढा अर्धा, तो भाजलेल्या खव्याचा असल्यानं जमतो. व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतून बघा, आपलं कोल्हापुरी कॉकटेल आइस्क्रीम ज्यात थेंबभर दारू नसते त्याला एकदा तरी नावाला जागता येईल. मधे जीभ धुवायला साधं पाणी आणि साधा स्लाइस ब्रेड, मिसळीबरोबर आपण खातो तोच, पावाच्या भानगडीत पुणेकरांनी पडावं. उपाशीपोटी मात्र बसू नका.

दोन-तीन प्रकार एका बैठकीत असतील तर हलकी आधी, तगडी शेवटी, आणि पिंपातली सगळ्यात शेवटी, उलटं केलं तर हलकी नुसती पाण्यासारखी लागते. तीनच्या वर नको. प्रत्येकानं आपली नोंद आधी मनात किंवा मोबाइलवर करायची आणि मग बोलायचं, कारण आमच्यात जो पैलवान आहे तो पहिल्यांदा जे म्हणतो तेच मग सगळ्यांना लागायला लागतं, खासबागेत कुस्ती बघताना पण तसंच होतं.

वेळ धरा, ९० मिलीला पाऊण तास तरी. सुरुवातीला जळकं आणि कॉफी, मधे काकवी-खोबरं, आणि शेवटी कोमट झाल्यावर लाकूड आणि व्हिस्की वर येते. शेवटचा घोट मुद्दाम राखून ठेवा. रिकामा ग्लास लगेच धुवू नका, दहा मिनिटांनी हुंगा, काचेवर वाळलेल्या थराचा वास कधीकधी बिअरपेक्षा सरस असतो. आणि गाडीला किल्ली लावायची नाही, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती छोट्या ग्लासातनं पण ओलांडली जाऊ शकते, आणि पन्हाळ्यावर जाऊन थंड हवेत बसायचा बेत असेल तर मुक्कामच करा, रात्री तो घाट उतरायचा नाही.

बाटली उरली तर घट्ट झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी गॅस कमी झालेला असतो पण चव बरी टिकते, तिसऱ्या दिवशी नाही. दोन सारख्या बाटल्या मिळाल्या तर एक आत्ता उघडा आणि दुसरी वर्षभर ठेवा, त्याशिवाय मुरणं म्हणजे काय ते कळत नाही. पहिलीच्या नोंदी जपून ठेवा म्हणजे ताडून बघता येतं. माझी दुसरी सध्या जुन्या घरातल्या मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीमागं उभी आहे, तिथं जाड मातीच्या भिंती आहेत आणि बारा महिने गार असतं. वर पांढऱ्या टेपवर तारीख लिहिलीय आणि खाली मोठ्या अक्षरांत, आईसाठी, "हे फिनेल नाही, टाकू नये".